प्रेसवरचं झापड

कारखान्यात तिला सगळे सेन्सरमावशी म्हणायचे, आणि ते काही कौतुकानं नव्हे. ती लांबून येताना दिसली की प्रेसवरच्या बायका एकमेकींना खुणावायच्या, "आली गं, आली! काढ काढ!" आणि भराभरा हात चालायचे. काय काढायच्या ते सांगतेच, पण आधी ही बाई काय चीज होती ते ऐका.

हट्टी. अगदी जन्मापासून. तिची आई म्हणायची, "हिला बस म्हटलं की ही उभी राहते, आणि उभी राहा म्हटलं की चालायलाच लागते." शाळा संपल्यावर ती एका छोट्या कारखान्यात तारेच्या गुंडाळ्या करायला लागली. केसाएवढी बारीक तांब्याची तार, करंगळीएवढी प्लास्टिकची रीळ, आणि त्यावर वेढ्याला वेढा चिकटवत जायचं. बाकीच्या मुली गप्पा मारत गुंडाळायच्या. हिनं पहिल्याच आठवड्यात फोरमनला विचारलं, "हे जातं कशात?"

"तुला काय करायचंय? तू गुंडाळ."

"गुंडाळते ना. पण काय गुंडाळतेय ते कळल्याशिवाय नाही." आणि खरंच हात बांधून बसली. फोरमन आधी चिडला, मग हसला, मग एक तयार सेन्सर करवतीनं उभा कापून तिच्यापुढे ठेवला. त्या माणसाचे उपकार ती शेवटपर्यंत विसरली नाही.

पितळी नळीच्या तोंडाशी तिचीच गुंडाळी बसलेली होती. फोरमननं समजावलं. हिच्यात वीज सोडायची, तीही सारखी उलटसुलट वाहणारी. मग हिच्या पुढ्यात चुंबकाची ओढ तयार होते, तीही तशीच उलटसुलट. समोर कोणी नसलं तर बाईसाहेब मजेत. पण लोखंड जवळ आलं, की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे फिरायला लागतात, आणि ते फिरवायची ताकद जाते हिच्याच पदरची. लोखंड जितकं जवळ, तितकी ही जास्त दमते. मागे बसवलेला इलेक्ट्रॉनिक्सचा तुकडा फक्त एवढंच बघतो, की बाई किती दमली.

"म्हणजे शिवायचं नाही, बघायचं नाही, नुसतं स्वतःच्या दमण्यावरून ओळखायचं? आमची आईच की!" ती म्हणाली. "घरात कोणतं कार्टं शिरलं ते ती पाठमोरी ओळखते."

तेव्हापासून तिला या दमणाऱ्या गुंडाळीचा लळाच लागला. साधा सेन्सर नुसतं 'आहे' किंवा 'नाही' सांगतो. पण दमणं नीट मोजलं तर 'किती' तेही कळतं. फट किती आहे, पत्रा किती जाड आहे, फिरणारा दांडा किती थरथरतोय. चाकाचे लोखंडी दात समोरून किती झपाट्यानं जातात त्यावरून वेग. पातळ पडदा दाबानं किती फुगला त्यावरून दाब. सगळं शेवटी अंतरावर येतं, आणि अंतर दमण्यावर. हे सगळं ती लग्नाच्या बोलणीतसुद्धा सांगत बसली होती म्हणे. नवरा शिंपी होता. मापाचं बोलतेय म्हटल्यावर त्याला ती आवडली.

पुढे ती बिजागऱ्यांच्या कारखान्यात मेंटेनन्सला लागली आणि तिथंच तिचं हे नाव पडलं. लांबच लांब शेड, एका ओळीत पत्रा कापणाऱ्या प्रेस, प्रत्येक प्रेसवर एक बाई. डाव्या हातानं पट्टी आत सरकवायची, समोरची जाळी खाली ओढायची, पायडल दाबायचं. वरचा साचा धाडकन खाली येतो आणि बिजागरीचं पान तुटून पडतं. जाळीच्या चौकटीला एक लोखंडी पट्टी, तिच्यासमोर सेन्सर. जाळी खाली आली की पट्टी सेन्सरसमोर येते आणि मगच पायडल चालतं. जाळी वर असेल तर कितीही दाबा, पायडल मुकं.

आता तिथली एक रीत होती. रोज किती पानं काढायची तो आकडा ठरलेला. आकडा पुरा झाला की घरी जा, घड्याळाकडे बघायचं नाही. ऐकायला किती गोड! पण दर ठोक्याला जाळी खाली, जाळी वर करत बसलं तर तो आकडा दिवे लागले तरी पुरा व्हायचा नाही. मग बायकांनी शक्कल काढली होती. एक लोखंडी वॉशर घ्यायचा आणि ग्रीसचा बोळा लावून थेट सेन्सरच्या तोंडावर चिकटवायचा. गुंडाळीला वाटतं पट्टी आली. जाळी आपली वरच टांगलेली, बाई उघड्या साच्यात हात घालतेय, आणि प्रेस धाडधाड चालू. त्या वॉशरला त्या झापड म्हणायच्या. घोड्याला लावतात तसं. प्रत्येकीचं झापड वेगळं, कुणी ते रुमालाच्या गाठीत ठेवायची, कुणी वेणीत. नवी बाई आली की पट्टी सरकवायच्या आधी तिला झापड लावायला शिकवायच्या.

सुपरवायझरला हे माहीत नव्हतं असं समजू नका. तो दिवसभर "आटपा, आटपा" करत फिरायचा, म्हणून त्याचं नाव आटपासाहेब. झापडासमोरून जाताना आटपासाहेबांची मान बरोबर दुसरीकडे वळायची.

आणि मावशीची? मावशी ओळीतून चालत यायची आणि काढायचं राहिलेलं एकेक झापड नखानं खरवडून काढायची. तिची पाठ वळली की ते पुन्हा लागायचं. पालथ्या घड्यावर पाणी! काढणारी एकटी आणि लावणारी अख्खी ओळ. बायका वैतागायच्या. एकदा एकीनं विचारलं, "मावशे, तुझ्या घरात कुणाचा हात गेलाय का गं, म्हणून एवढी मागे लागतेस?"

"म्हणजे? कुणाचा जायलाच हवा का?" मावशी कडाडली. "कुणी मेल्यावर शहाणपण सुचायला मी काय पंचनामा करणारी आहे? ती गुंडाळी तुमच्यासाठी दिवसभर दमते, आणि तुम्ही तिला खोटं दाखवता. लाजा नाही वाटत?"

"गुंडाळी दमते! आणि आम्ही काय इथं झोपाळ्यावर बसलोय?" सगळी ओळ हसली. मावशी फणकाऱ्यानं निघून गेली.

असं चाललं असतं किती दिवस. पण मग तिच्या थोरल्या बहिणीची मुलगी त्याच शेडमध्ये प्रेसवर लागली. घरात तिला सगळे चिमणी म्हणायचे. घरी रांगतं बाळ होतं, ते सासूकडे ठेवून ती यायची. पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी बघते तर काय, चिमणीच्या रुमालाच्या गाठीत वॉशर!

बाकीच्यांवर मावशी रागवायची, पण इथं तिला भीती वाटली, खरीखुरी भीती. या पोरीला तिनं न्हाऊ घातलं होतं. तिची बोटं धरून तिला चालायला शिकवलं होतं. ती बोटं आता उघड्या साच्यात जात होती, दिवसभर.

समजावून झालं, ओरडून झालं. चिमणी म्हणायची "बरं मावशी", आणि लावायची. मग मावशी पेटली. कोपऱ्यात एक पत्रा तपासायचं जुनं यंत्र धूळ खात पडलं होतं. दोन पत्रे एकमेकांना चिकटून आत जाऊ नयेत म्हणून जाडी मोजणारं. त्यात तिचा लाडका सेन्सर होता, 'किती' सांगणारा. तिनं कुणाला न विचारता तो उपटला आणि चिमणीच्या प्रेसला बसवला. मागे एक छोटा डबा, त्यावर आकडा दिसणारी काच. खरी जाळी खाली आली की पट्टी सेन्सरपासून चार मिलिमीटरवर थांबते. मावशीनं डब्याला शिकवलं, चारच्या आसपास असेल तरच पायडल सोडायचं. लांब असेल तर नाही. आणि तोंडाला चिकटून असेल तरी नाही!

दुसऱ्या दिवशी चिमणीनं वॉशर चिकटवला, पायडल दाबलं. प्रेस ढिम्म. काचेवर शून्य. पुसून पुन्हा लावला. ढिम्म.

"लाव लाव," मावशी मागे उभी राहून म्हणाली. "जाळी काही कुणाच्या नाकाला येऊन चिकटत नाही. एवढं तर या गुंडाळीलाही कळतं."

त्या दिवशी मावशी कोण खुशीत! नवऱ्याला जेवताना सगळं दोनदा सांगितलं.

पण तसा सेन्सर एकच होता. आटपासाहेबांकडे आणखी मागितले तर ते म्हणाले, "बघू." त्यांचं 'बघू' म्हणजे काय ते शेडमधल्या मांजरालाही माहीत होतं. आणि इकडे झालं असं, की सगळी ओळ ऊन असताना पिशव्या उचलून घरी जायची आणि चिमणी एकटी जाळी खाली, जाळी वर करत बसायची. घरी पोहोचायची तेव्हा बाळ झोपलेलं असायचं. सासू रोज काहीतरी बोलायची. बायका येता-जाता टोमणे मारायच्या, "सख्खी मावशी बरं का! आमची आपली सावत्रच बरी." शेवटी थोरली बहीण मावशीच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायलाही तयार नाही.

"माझ्या लेकीनं तुझं काय घोडं मारलंय गं?" ती म्हणाली. "पोरगं तिला ओळखेनासं झालंय. सगळ्या जगाच्या हाताला काही होत नाही, आणि हिच्याच होणार आहे का?"

"ताई, हात गेला तर पोराला उचलणार कशानं?"

"आता तरी कुठं उचलतेय?" बहीण म्हणाली आणि पायरीवरूनच परत गेली.

मावशी ताट पुढ्यात घेऊन बसली. नवरा मशीनवर बाही शिवत होता. तो कमी बोलायचा, पण बोलला की बोचायचं. "आखूड कापडात पूर्ण बाह्यांचा सदरा बेतायला सांगितला, तर कातर चोरटीच चालणार," तो म्हणाला. "तू कातरीवर रागावतेस. कापड कोण आखूड देतंय ते बघ की."

"तुम्हाला काय कळतंय कारखान्यातलं!" मावशी फिस्कारली. तो पुन्हा पायानं मशीन हाणायला लागला.

पुढच्या आठवड्यात चिमणीचा आकडा अचानक वेळेत पुरा व्हायला लागला. पहिली नाही तरी ही पोरगी ओळीत दुसऱ्या-तिसऱ्या नंबरानं घरी! मावशीला वाटलं, हात बसला पोरीचा. मग एका दुपारी तिची नजर डब्याच्या काचेवर गेली. आकडा चारावर उभा. हललासुद्धा नाही. आणि मावशी जागच्या जागी थांबली. खरी जाळी असली तर ती वर जाताना आकडा उडतो, आणि खाली असतानाही दर धडाक्याला चौकट किंचित हादरते, म्हणून तो थोडा थरथरतो. हा मुडद्यासारखा निपचित पडला होता.

ती वाकून बघते तर सेन्सरच्या तोंडावर चपलेच्या रबराचा तुकडा, आणि त्यावर वॉशर. वॉशर लहान, म्हणून गुंडाळीला कमी दमवतो, म्हणजे असेल त्यापेक्षा लांब भासतो. तेव्हा रबर चार मिलिमीटरपेक्षा पातळ हवं. पोरीनं ते घासून घासून बरोबर जमवलं होतं! कुणी शिकवलं नव्हतं. मावशीला क्षणभर असा अभिमान वाटला की विचारू नका. आणि पाठोपाठ असा संताप आला की कानशिलं तापली. वर जाळी टांगलेली. खाली चिमणीचा डावा हात मनगटापर्यंत साच्यात जातोय आणि येतोय, जातोय आणि येतोय.

"थांब," मावशी म्हणाली.

चिमणीनं पाय उचलला. झापड दिसलंय हे तिला कळलं. "मावशी, ओरडू नकोस. मी नीट लक्ष देऊन करते. खरंच."

"ओरडत नाहीये. चालू राहू दे मोटार." आणि मावशीनं बाही वर सारली, आणि आपला उजवा हात सरळ साच्यात ठेवला. पालथा. जिथं पट्टी ठेवतात तिथं. "हं. दाब पायडल."

"मावशी!"

"तू रोज तुझा हात घालतेस ना? आज माझा आहे. काही होत नाही म्हणतेस ना? मग दाब."

बाजूचं चाक गरगर फिरत होतं. चिमणीनं दोन्ही पाय स्टुलावर वर घेतले. शेजारच्या प्रेस एकेक करून थांबल्या. बायका गोळा झाल्या. एक म्हातारी बाई म्हणाली, "मावशे, काढ गं हात. हात दाखवून अवलक्षण कशाला!"

"नाही काढत."

आटपासाहेब धावत आले. "काय तमाशा आहे हा? मेन स्विच बंद करा आधी!"

"खबरदार कुणी स्विचला हात लावाल तर!" मावशी ओरडली. "का बंद करायचा? सगळी ओळ अशीच चालते रोज. तेव्हा नाही वाटत बंद करावासा? या ना साहेब, तुम्ही या. ठेवा पाय पायडलवर. रोज आटपा आटपा म्हणता, मग आटपा की!"

आटपासाहेब एक पाऊल मागे सरकले. खोटं कशाला बोलू, मावशीही घाबरली होती. हे तिनं नंतर नवऱ्याला सांगितलं. पण हात तिनं हलवला नाही.

मग चिमणीनं वाकून ते झापड ओरबाडून काढलं, रबरासकट, आणि जमिनीवर आपटलं. काचेवरचा आकडा उडाला. पायडल मोकळं असल्याचं दाखवणारा डब्यावरचा दिवा विझला. "काढ आता," ती रडत म्हणाली. "काढ गं मावशी."

मावशीनं हात काढला. तो हात पोटाशी धरून ती उभी राहिली आणि चिमणीला काही बोलायला जाणार, तेवढ्यात चिमणीच तिच्यावर उलटली. डोळ्यांत पाणी आणि आवाजात आग. "तुझा सेन्सर जाळी किती लांब आहे ते मोजतो. आमचा आकडा किती लांब आहे ते कुणी मोजलंय? तू कधी विचारलंस? आम्हाला काय हौस आहे हात घालायची?"

इतकी वर्षं मावशी या बायकांशी भांडली, नखं झिजेपर्यंत झापडं खरवडली, आणि आकड्याबद्दल तिनं एकदासुद्धा तोंड उघडलं नव्हतं. कापड कोण आखूड देतंय, ते तिनं बघितलंच नव्हतं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलं माझं." आणि हे शब्द तिच्या तोंडून निघालेले त्या शेडमध्ये आजवर कुणी ऐकले नव्हते.

चिमणीनं नाक पुसलं आणि जाळी खाली ओढली. "साहेब, इथं उभे राहा. जाळी लावून दिवसभरात किती होतात ते मोजा. जेवढे होतील तेवढाच आकडा."

"आकडा मी नाही ठरवत," साहेब म्हणाले. "तो वरून येतो."

"मग वरच्यांना खाली बोलवा."

कुणीतरी फसकन हसलं. मग ती म्हातारी बाई आपल्या प्रेसकडे गेली, झापड काढून तिनं ते साहेबांच्या हातात दिलं आणि जाळी ओढली. मग दुसरी गेली. कुणी घोषणा दिली नाही की काही नाही. काहीजणी कुरकुरल्या, एकीनं तर मावशीला शिव्याही घातल्या. पण त्या दुपारी शेडचा आवाज बदलला. धाडधाड गेली, आणि जाळ्यांची खाली-वर खाली-वर सुरू झाली. मावशी ओळीतून फिरत राहिली, अडणाऱ्या जाळ्यांना तेल घालत. त्या दिवशी ती कुणावरही ओरडली नाही.

रोजची घरी जायची वेळ झाली तेव्हा आकडा कुणाचाच पुरा झालेला नव्हता. निम्म्याच्या थोडं वर, बस्स. तरी चिमणीनं मोटार बंद केली आणि पिशवी उचलली. तिच्यामागून बाकीच्यांनीही उचलल्या.

आटपासाहेब दारात आडवे उभे होते. "आकडा झाला नाही. कुणी जायचं नाही."

मावशी पुढे होणार होती. पण चिमणीनं तिला कोपरानं मागे सारलं. पिशवी खांद्यावर टाकली, दोन्ही हात वर केले आणि बोटं पसरली. ग्रीसनं काळी, पत्र्यानं खरचटलेली.

"हा घ्या आजचा आकडा," ती म्हणाली. "मोजा."

मागे एकेक करत सगळ्या ओळीनं हात वर केले. म्हातारीनंसुद्धा. साहेबांनी त्या हातांकडे बघितलं, आणि या वेळी त्यांना मान दुसरीकडे वळवता येईना, कारण दार भरून हातच होते.

"मोजा ना," चिमणी म्हणाली. "माझं बाळ जागं आहे अजून."

साहेब बाजूला झाले.